शिवाजी पार्कचा समुद्र

दादर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून, फुलांच्या बाजारांतील गर्दी व रानडे रस्त्यावरील दुकानांची आरास मागें टाकून जो कोणी नाकासमोर पश्चिमेकडे चालूं लागतो, त्याला दहापंधरा मिनिटांनंतर एकाएकीं आकाश दिसूं लागतें. मुंबईसारख्या शहरांत आकाशाचा एवढा मोठा तुकडा एकदम दृष्टीस पडणें ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. नवखा पाहुणा क्षणभर थांबतो, आणि थांबण्याची तेथें सोयहि आहे. कारण समोर पसरलेल्या सुमारें २८ एकरांच्या मोकळ्या जमिनीला वेढून एक बैठी भिंत गेलेली आहे, आणि ती भिंत लोकांना अडविण्यापेक्षां त्यांना बसविण्याच्याच कामीं अधिक येते. दादरकर तिला कट्टा म्हणतात व मैदानाला शिवाजी पार्क. महापालिकेच्या दप्तरीं २०२० सालापासून त्याचें नांव ‘छत्रपति शिवाजी महाराज पार्क’ असें झालें आहे. बोलण्यांत मात्र जुनें दोन शब्दांचें नांवच अजून चालतें.

ह्या मैदानाविषयीं पुष्कळांना पुष्कळ ठाऊक असतें. क्रिकेटची गोष्ट निघाली कीं त्याचें नांव येतें, सभांची निघाली कीं येतेंच येतें. परंतु एक साधी गोष्ट पाहुण्याच्या ध्यानांत बहुधा येत नाहीं, आणि शेजारीं राहणाऱ्यांच्याहि ध्यानांतून ती कधीं कधीं निघून गेलेली असते. ती ही, कीं हें मैदान समुद्रकांठचें आहे. पश्चिमेकडील कट्टा, त्याला लागून स्वातंत्र्यवीर सावरकरांचें नांव दिलेला, परंतु वृद्ध मंडळींच्या तोंडीं अजून ‘कॅडेल रोड’च असलेला हमरस्ता, त्याच्या पलीकडे इमारतींची एक ओळ, आणि त्या ओळीच्या पाठीशीं लागलीच अरबी समुद्र! अंतर म्हणावें तर थोड्या मिनिटांचें. असें असूनहि मैदानांत उभ्या असलेल्या माणसाला पाणी दिसत नाहीं. समुद्र तेथें कळतो तो वाऱ्यावरून. दुपार कलली म्हणजे तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घेण्यास पाण्यावरची गार हवा किनाऱ्याकडे धांवते, आणि कट्ट्यावर बसलेल्या गृहस्थांच्या हातांतील वर्तमानपत्राचीं पानें फडफडूं लागतात. समुद्र असा रोज आपण होऊन भेटीस येतो. म्हणूनच त्याच्या भेटीस जाण्याचें राहून जात असावें.

हें मैदान येथें आलें कसें, हें समजून घेण्यास एका रोगाची आठवण करावी लागते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या व वारा न शिरणाऱ्या गल्ल्या ह्यांवर तेव्हां सर्वांचें बोट गेलें, आणि १८९८ सालीं शहराच्या सुधारणेसाठीं ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. शहर उत्तरेकडे वाढवावयाचें, रस्ते रुंद ठेवावयाचे व घरांमधून वारा खेळूं द्यावयाचा, हा विचार तेव्हांपासून दादर-माटुंग्याकडील आंखणींत शिरला. त्याच विचाराच्या ओघांत महापालिकेनें १९२५ सालीं हें उद्यान लोकांस खुलें केलें. त्या वेळीं त्याला ‘माहीम पार्क’ म्हणत. भोंवतालच्या दोन-तीन मजली, गोलाकार सज्जांच्या इमारती बहुतेक त्यानंतरच्या आहेत. म्हणजे येथें आधीं मैदान झालें आणि मग घरें आलीं. मुंबईंत हा क्रम बहुधा उलटा असतो. घरें आधीं होतात आणि मैदानासाठीं मागाहून अर्ज करावे लागतात.

१९२७ सालीं मैदानाचें नांव बदललें. शिवजन्माचें वर्ष त्या काळीं १६२७ धरीत असत, आणि त्या हिशेबानें तें तीनशेवें वर्ष होतें. महाराजांचें नांव ह्या उद्यानास द्यावें असा आग्रह धरला तो महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले ह्यांनीं. १९१७ सालीं चंपारण्यांत गांधीजींबरोबर काम केलेल्या ह्या बाईंचें नांव आज कट्ट्यावर बसणाऱ्या दहांपैकीं किती जणांना सांगतां येईल, हा प्रश्न विचारून कोणास अडचणींत टाकण्यांत अर्थ नाहीं. महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुढें १९६६ सालीं उभा राहिला. त्याच्या हातीं उपसलेली तलवार नाहीं. हात पुढें केलेला आहे.

मैदानाला वळसा घालणाऱ्या रस्त्याचीहि एक कथा आहे, आणि ती ठाऊक असल्यावांचून पुढचा प्रवास नीट समजणार नाहीं. ह्या रस्त्याला केळुसकरांचें नांव आहे. गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईंतील एक शिक्षक व ग्रंथकार. शिवाजीमहाराजांचें विस्तृत मराठी चरित्र त्यांनीं लिहिलें, आणि गौतम बुद्धाचेंहि चरित्र लिहिलें. १९०७ सालीं भीमराव आंबेडकर नांवाचा एक विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हां त्याचें कौतुक करण्यासाठीं भरलेल्या सभेंत केळुसकर गुरुजींनीं आपलें बुद्धचरित्र त्याच्या हातीं ठेविलें. मैदानाच्या मध्यावरून पाहतां शिवचरित्रकाराच्या नांवाचा रस्ता भोंवतीं आहे, आणि त्या विद्यार्थ्याची चैत्यभूमि समुद्राच्या कांठीं आहे. नगररचना करणाऱ्यांनीं हें जुळवून आणलेलें नव्हे. शहरें कधीं कधीं न कळत अशी बुद्धि दाखवितात.

मैदान पाहावयाचें तर सकाळीं लवकर यावें. उजाडण्यापूर्वींच कट्ट्याच्या बाजूनें फेऱ्या घालणारांची रांग सुरू होते. पुरी फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक भरते, त्यामुळें ‘आज किती झाल्या?’ हा प्रश्न विचारला कीं उत्तर मैलांत न येतां फेऱ्यांत येतें. फेऱ्या घालणारांत दोन जाती आहेत: बोलत चालणारे आणि चालत बोलणारे. दुसऱ्या जातीचे लोक लौकरच कट्ट्यावर स्थिर होतात. मग पेन्शनचे व्याज, नातवाची परीक्षा, कोणाच्या इमारतीचें पुन्हां बांधकाम निघालें व कोणाचें अडलें, ह्या विषयांची उजळणी होते. तोंवर मैदानांत यष्ट्या रोवल्या गेलेल्या असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारीं उभा आहे, तिसऱ्याचा चेंडू चौथ्याच्या खेळपट्टीवरून जात आहे, आणि तरी कोणाचा कोणाशीं घोटाळा होत नाहीं, हें पाहून परदेशच्या पाहुण्यास आश्चर्य वाटतें. येथल्या मुलांना त्यांत कांहींच विशेष वाटत नाहीं.

ह्याच गर्दींत रमाकांत आचरेकर सरांनीं मुलें घडविलीं. यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवावयाचें. जो गोलंदाज फलंदाजास बाद करील त्याला तें मिळावयाचें, आणि कोणालाच बाद करतां आलें नाहीं तर तें फलंदाजाचें. सचिन तेंडुलकरनें अशीं मिळविलेलीं १३ नाणीं जपून ठेविलीं आहेत. सचिन आणि विनोद कांबळी ह्यांची १९८८ मधील ६६४ धांवांची शालेय भागीदारी पुष्कळ लोक भ्रमानें ह्याच मैदानाच्या खात्यावर मांडतात. ती झाली आझाद मैदानावर. परंतु त्या धांवांची पेरणी येथें झाली होती, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. आचरेकर २०१९ च्या जानेवारींत वारले, आणि २०२४ सालीं मैदानाच्या एका दाराजवळ त्यांचें छोटेखानी स्मारक झालें.

क्रिकेटच्या ह्या गजबजाटांत कोपऱ्यावरील समर्थ व्यायाम मंदिराकडे नजर जात नाहीं, ही पाहुण्याची चूक होय. तेथें लांकडी खांबाला एरंडेल चोळून मुलें-मुली मल्लखांब करतात; दोरावर व खांबावर शरीराला अशी घडी घालतात, कीं पाहणाराच्या अंगाला पीळ पडावा. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारींत ह्याच मैदानावर झाली. परदेशांतून आलेलीं माणसें दादरच्या मातींत खांबावर चढलेलीं लोकांनीं कट्ट्यावरून पाहिलीं. बंगाल क्लबचा दुर्गोत्सव, गणपतीचें देऊळ, वृद्धांसाठीं राखलेला बगीचा हेंहि सर्व येथेंच आहे. ज्याला त्याला त्याच्या वयाप्रमाणें तें सांपडत जातें.

मैदान सर्वांचें असलें म्हणजे त्यावर हक्क सांगणारेहि पुष्कळ असतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून मोठमोठ्या राजकीय सभांपर्यंत येथल्या मातीनें पुष्कळ घोषणा ऐकल्या आहेत. १ मे रोजीं महाराष्ट्रदिनाचें संचलन येथें होतें. भाषणांच्या व ध्वनिक्षेपकांच्या त्रासाबद्दल रहिवासी न्यायालयांत गेले, आणि २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें हा परिसर शांतता-क्षेत्र ठरला. त्यानंतर सभांसाठीं परवानग्या व अपवाद ह्यांचा नवा अध्याय सुरू झाला. ६ फेब्रुवारी १९२२ नव्हे, तर तिच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लता मंगेशकर ह्यांना येथेंच अखेरचा निरोप देण्यांत आला, आणि लगेच त्यांचें स्मारक मैदानांत करावें कीं करूं नये ह्याबद्दल वाद उठला. लताबाईंविषयीं आदर कोणाच्याच मनांत कमी नव्हता. प्रश्न होता तो खेळणाऱ्या मुलांच्या पायांखालील जमिनीचा. मैदानावर टाकलेल्या लाल मातीची धूळ हिंवाळ्यांत घरांत येते, ही तर गेल्या कांहीं वर्षांतील कायमची तक्रार. पडदे लाल, पुस्तकें लाल, खोकला मात्र नेहमींच्या रंगाचा! ह्या सर्व भांडणांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. भांडणारे दोन्ही पक्ष मैदानाला आपलें म्हणतात, आणि तसें म्हणणारीं माणसें शिल्लक आहेत तोंवर तें नाहींसें करणें कोणालाहि सोपें नाहीं.

समुद्राच्या बाबतींत मात्र असें म्हणवत नाहीं.

मैदानाच्या पश्चिमेकडून हमरस्ता ओलांडावा, आणि समोरच्या इमारतींच्या ओळींत फट शोधीत चालावें. कांहीं ठिकाणीं फाटक व पहारेकरी आढळतो. कांहीं ठिकाणीं गल्ली कुंपणाशीं संपते. ज्ञानेश्वर मंदिराच्या रस्त्यानें मात्र निर्धास्त जावें. तो रस्ता चैत्यभूमीशीं व चौपाटीशीं पोंचतो. गल्लींतून शेवटचें वळण घेतांच दृश्य एकदम बदलतें. समोर माहीमची खाडी व उपसागर. उजवीकडे वांद्र्याचा किनारा, डावीकडे वरळीचें टोक, आणि दोहोंना जोडणारा, २००९ सालीं खुला झालेला, साडेपांच किलोमीटरांहून अधिक लांबीचा सागरी सेतु. दोरांनीं तोललेले त्याचे मनोरे संध्याकाळच्या उजेडांत सतारीसारखे दिसतात. हिंवाळ्यांत दूरच्या मुलखांतून आलेले कुरव पक्षी पाण्यावर थव्यांनीं बसतात.

पाण्याची स्तुति मात्र आवरती घ्यावी लागते. मिठी नदी ह्याच उपसागरास मिळते, आणि शहराच्या उपनगरांतील सांडपाणी घेऊन येते. येथें स्नान करण्याचा मोह होऊं नये, व झाला तर तो आवरावा. भरती-ओहोटीची वेळहि पाहून निघणें शहाणपणाचें. दिवसांतून दोनदां पाणी चढतें व दोनदां उतरतें, आणि ही वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते; म्हणून काल ज्या घटकेला वाळूंत किल्ला बांधला, त्याच घटकेला चार दिवसांनीं तेथें पाणी असूं शकतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईच्या समुद्राची भरती-ओहोटींतील चढउतार चार-पांच मीटरांपर्यंत जाते. पावसाळ्यांतील मोठ्या भरतीच्या दिवशीं तर वाळू मुळींच दिसत नाहीं, आणि लाटा थेट इमारतींच्या कुंपणांवर आदळतात.

ह्या कुंपणांकडे जरा निरखून पाहण्यासारखें आहे. मैदानाची भिंत गुडघ्याएवढी, आणि तिच्यावर कोणींहि बसावें. समुद्राकडच्या भिंती पुरुषभर उंच, आणि त्यांच्या अलीकडे कोण राहतो हें पलीकडच्याला कळूं नये अशा. लाट मऊ वाळूवर आली तर पसरते, दमते आणि माघारी जातांना वाळू ठेवून जाते. तीच लाट ताठ भिंतीवर आपटली तर उलटते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. घराचें रक्षण करण्यास बांधलेली भिंत अशा रीतीनें घरापुढचा किनाराच हळूहळू नाहींसा करते. एके काळीं दादरपासून माहीमपर्यंत वाळूंतून सलग चालत जातां येई, असें येथील वृद्ध रहिवासी सांगतात. आज ओहोटीच्या वेळींहि तें चालणें तुकड्यातुकड्यांनीं होतें. १९९१ सालीं केंद्र सरकारनें किनाऱ्यावरील बांधकामांस मर्यादा घालणारे नियम केले. भरतीरेषेच्या आंतील बांधकामास त्यांनीं कांहींसा आळा घातला. परंतु गल्लीच्या तोंडाशीं बसविलेलें एखादें फाटक कोणत्याहि मोठ्या नियमाच्या जाळ्यांत सहजासहजीं सांपडत नाहीं. किनारा एकदम कोणी हिरावून घेत नाहीं. वाट विसरली जाते, आणि मग किनारा असून नसल्यासारखा होतो.

विसरलेली वाट पुन्हां दाखविण्याचा एक प्रयत्न अलीकडे झाला आहे. पावसाचें पाणी समुद्रांत सोडणारें एक मोठें तोंड चौपाटीवर होतें; लोक नाक धरून त्याला वळसा घालीत. त्यावरच महापालिकेनें सज्जा बांधला, बांकें ठेविलीं, झाडें लाविलीं, आणि २०२२ सालीं माता रमाबाई आंबेडकरांच्या नांवानें तो लोकांस खुला केला. ज्यांना वाळूंत उतरवत नाहीं असे वृद्ध व चाकांच्या खुर्चींतून येणारे लोक तेथवर येऊन सूर्यास्त पाहतात. नाल्याच्या डोक्यावर बसून समुद्र पाहावयाचा ही कल्पना ऐकावयास विचित्र वाटते. पाहावयास ती वाटत नाहीं.

पण ही वाट खऱ्या अर्थानें कोणाला ठाऊक आहे, हें पाहावयाचें असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत यावें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लीस निवर्तले, आणि दुसऱ्या दिवशीं दादरच्या चौपाटीवर, लाखोंच्या उपस्थितींत, त्यांच्या देहाला अग्नि देण्यांत आला. तेथें आज चैत्यभूमीचा स्तूप उभा आहे. दर वर्षीं ह्या दिवशीं विदर्भांतून, मराठवाड्यांतून, खानदेशांतून आणि महाराष्ट्राबाहेरूनहि लोक येतात. त्यांचा मुक्काम असतो तो शिवाजी पार्कच्या मातींत. मांडव पडतात, नळ लागतात, आणि पुस्तकांचीं दुकानें अशीं मांडलीं जातात, कीं एरवीं वर्षभर मराठी पुस्तक खपत नाहीं म्हणून हळहळणाऱ्या प्रकाशकानें तीं एकदां पाहून जावीं. पांढऱ्या लुगड्यांतील म्हाताऱ्या बाया पिशवींतून भाकरी काढतात, नातवाला पुस्तक घेऊन देतात, आणि मग रांगेला लागतात. रांग मैदानापासून रस्त्यानें, गल्लींनें, समुद्रापर्यंत गेलेली असते. ती कित्येक तास सरकते. कोणी तक्रार करीत नाहीं.

ह्या दिवसांत घराला कुलूप लावून परगांवीं जाणारीं कुटुंबें पार्कच्या आसपास होतीं, आणि थोडीं अजूनहि असतील. गर्दीचा त्रास खोटा नाहीं. लहान मुलें व आजारी माणसें असलेल्या घराला तो होतोच. तरी पण त्या कुटुंबांपैकीं एखाद्यानें एखादे वर्षीं कुलूप न लावतां खिडकींतून पाहिलें, तर वर्षभर न दिसलेली एक गोष्ट दिसेल. मैदान आणि समुद्र ह्यांच्यामधला हमरस्ता, इमारती, फाटकें सगळीं जागच्या जागीं असतात, पण माणसांच्या त्या ओघानें दोन्ही एक झालेलीं असतात. केळुसकरांच्या रस्त्यावरून निघालेले लोक त्यांनीं ज्याला बुद्धचरित्र दिलें त्याच्याकडे चाललेले असतात. दर्शन घेऊन झालें कीं त्यांतल्या पुष्कळ बाया पदर सांवरून थोड्या पुढें जातात. कित्येकींनीं समुद्र त्याआधीं पाहिलेला नसतो. त्या वाळूंत उभ्या राहतात, लाट पायांवर येऊं देतात, ओंजळ भरून कपाळाला लावतात, आणि एकमेकींना हांक मारून बोलावतात. पाणी कसें आहे ह्याची चर्चा तेथें कोणी करीत नाहीं.

इतर दिवशीं, साध्या संध्याकाळीं, किनाऱ्यावर एवढी गर्दी नसते. शाळा सुटलेलीं मुलें, भेळवाला, फुगेवाला, आणि चपला हातांत घेऊन चालणारीं एक-दोन जोडपीं. सूर्य वांद्र्याच्या बाजूला न बुडतां सागरी सेतूच्या दोरांमागून उघड्या समुद्रांत उतरतो, त्या वेळीं सज्ज्यावरचे सगळे मोबाइल एकदम वर उठतात. अंधार पडूं लागला कीं मंडळी गल्लींतून परततात. हमरस्त्यावर वाहनांची रांग थांबण्याची वाट पाहून आजी नातवंडांना घेऊन पलीकडे येते, कट्ट्यावर बसते, नातीचे पाय मांडीवर घेऊन पदरानें वाळू झाडते. आणि ती वाळू मैदानाच्या लाल मातींत पडते.